आठ दिवसांचं ऊन

आमच्या घरात ताटात भाकरी पडायच्या आधी माहिती पडायची. चाकणच्या बाजारातून गूळ, शेंगदाणे, मिरच्या यायच्या त्या वर्तमानपत्राच्या पुड्यांतून, आणि पुडी सोडली की कागद आबांचा. आबा म्हणजे माझे वडील. कांद्याचे शेतकरी, शाळा तिसरीपर्यंत. ते कागद मांडीवर सारखा करून वाचायचे आणि त्यातली एक ओळ खडूनं स्वयंपाकघराच्या दारावर लिहायचे. ती ओळ पाठ म्हटल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही, असा घरचा कायदा. आईलासुद्धा सूट नव्हती. ती चुलीला फुंकर घालता घालता म्हणून टाकायची.

गोची एकच होती. वाणी कागद फाडायचा तो गुळाच्या मापानं, वाक्याच्या नाही. त्यामुळे माहिती अर्धीच घरी यायची आणि उरलेली अर्धी आबा पदरची घालायचे. ‘पगार, इस्त्री हे शब्द आपल्याकडे आले’ इथं कागद संपला, तर आबांनी पुढं ‘पुण्याहून’ लिहिलं. कुणी हरकत घेतली नाही. आमच्या गावात दोन्ही गोष्टी पुण्याहूनच यायच्या.

त्यातलीच एक ओळ होती : ‘सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर पोचायला लागतात आठ’. पुढं कागद नव्हता, मिरचीचं बी चिकटलेलं होतं. एवढ्या लांबून यायचं म्हणजे, असा विचार करून आबांनी लिहिलं, ‘दिवस’.

आई तेव्हा पापड वाळत घालत होती. म्हणाली, “म्हंजे हे ऊन गेल्या बाजाराचं? शिळं?”

“मग? शिळी भाकर खात न्हाई व्हय आपण?” आबा म्हणाले.

पुढं सातवीच्या पुस्तकात मला आठ मिनिटं सापडली. मी आईच्या कानावर घातलं. ती म्हणाली, “गप बस. त्या दारावर त्यांचा जीव हाय. त्यांच्याम्होरं बोललीस तर बघ.” मी गप बसले. दिवस काय नि मिनिटं काय, पापड वाळत होते.

मग मला बघायला पाहुणे यायचं ठरलं. मुलगा पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात कामाला. मुलगा मी पाहिला नव्हता, पण नळ पाहिला होता. मावशीबरोबर एकदा तिकडं गेले होते तेव्हा कामगारांच्या खोल्यांपुढचा नळ मी उगाचच सोडून बघितला होता. आमच्याकडं विहीर ओढ्यापलीकडं आणि माझ्या डोक्यावर रोज हंडे. मला ते स्थळ हवं होतं. लाजण्यासारखं त्यात काही नाही, नळासाठी हवं होतं.

पाहुणे घोंगडीवर बसले, पोहे झाले. मुलाचे चुलते पेन्शनीत निघालेले मास्तर आहेत, हे मेल्या मध्यस्थानं आम्हाला सांगितलंच नव्हतं. त्यांनी नाव विचारलं, शाळा विचारली, स्वयंपाकाचं विचारलं. एवढ्यावर भागत होतं. पण आबांना राहवेना.

“अवो, ते काय इचारताय? उन्हाचं इचारा! आमच्या पोरीला उन्हाचं समदं ठावं हाय.”

मास्तर कौतुकानं माझ्याकडं वळले. “सांग बाळ, सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागतो?”

मी “आठ” म्हणाले आणि थांबले. आबा मान डोलवत होते.

“आठ काय?”

काय मेलं कर्म! एवढ्यावर पोहे गोड लागले नसते का त्यांना? मिनिटं म्हणावं, तर चार माणसांत आबा खोटे पडतात, तेही पोटच्या पोरीकडून. दिवस म्हणावं, तर नळ जातो. आबांचे ओठ माझ्याआधीच हलायला लागले होते.

“आठ दिवस,” मी म्हणाले.

मास्तर खो खो हसले. त्यांच्यामागून सगळे हसले. मुलगाही हसला, दात चांगले होते. “सातवी पास म्हणालात ना?” मास्तर आबांना म्हणाले. “अहो, सातवीच्या पुस्तकात आहे हे. आठ मिनिटं!”

आबा हसले नाहीत. ते माझ्याकडं बघत राहिले. सातवीच्या त्या पुस्तकाला पुठ्ठा त्यांनीच घालून दिला होता. मग ते मास्तरांना म्हणाले, “पोरगी न्हाई चुकली. दारावर मी लिवलंय ते. तिला खरं ठावं व्हतं. बापाला तोंडघशी पाडलं न्हाई तिनं, एवढंच.”

मला रडू फुटलं. बशा उचलून मी आत गेले आणि चुलीपुढं बसून मास्तरांचा मनसोक्त उद्धार केला.

नकार यायला आठ दिवस लागले. मुलगी बरी आहे, पण घरात माहिती कमी, असा निरोप होता.

पाहुणे गेले त्याच संध्याकाळी आबांनी दार पुसलं होतं आणि तोवर ते कोरंच होतं. आम्ही ताटावर बसायचो, सवयीनं दाराकडं बघायचो आणि ओळ न म्हणताच जेवायचो. नळाचं दुःख मला झालंच, पण त्या कोऱ्या दाराचं जास्त झालं. नकाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी घेऊन आले, तर दारावर आबांच्या अक्षरात ओळ होती, ‘सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर पोचायला लागतात आठ’. पुढं जागा मोकळी. आबांनी माझ्या डोक्यावरचा हंडा उतरवून घेतला, जे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं, आणि माझ्या ओल्या हातात खडू दिला.

“म्होरचं तू लिव्ह.”

मी लिहिलं. आईला वाचता येत नव्हतं. तिनं चुलीपुढून विचारलं, “काय लिवलंय?”

“मिनिटं,” आबा म्हणाले.

“म्हंजे ताजं हाय व्हय!” आई म्हणाली आणि पापडांचं सूप उचलून अंगणात गेली.