भागीरथाने पाहून आणलेली बातमी

चामोर्शीच्या आठवडी बाजारात चिंचेखाली मुरमुरे-फुटाणे विकणारी भागीरथा पस्तिशी ओलांडल्यावर वाचायला शिकली. साक्षरतेच्या वर्गात सतरा बायांनी नाव घातलं होतं, शेवटपर्यंत टिकली ती एकटी. शाळेतले रामाजी मास्तर नागपूरचं वर्तमानपत्र मागवत. मोटारीनं ते तीन-चार दिवसांनी पोचे, आणि मास्तरांचं वाचून झालं की पुड्या बांधायला भागीरथाकडे येई. पण बाजाराच्या दिवशी ती ते आधी मोठ्यानं वाची आणि मगच फाडी. चारोळी, डिंक, मोहफुलं विकायला आलेली जंगलातली माणसं टोपल्या उतरवून तिच्यासमोर उकिडवी बसत.

सत्तावन्नच्या दिवाळीच्या सुमारास तिनं वाचलं, की रशियातल्या माणसांनी आभाळात एक धाकटा चंद्र सोडला आहे आणि तो पृथ्वीभोवती फिरतो आहे. वाचताना तिचाच विश्वास बसेना. पण समोरच्या लालसू गोंडानं नुसती मान हलवली.

"फिरत असन," तो म्हणाला. "बाईनं वाचलं ना!"

 चंद्रापेक्षा भागीरथाला याचंच नवल वाटलं. आपण एवढंसं बोललो, आणि या माणसानं आभाळात आणखी एक चंद्र मान्य करून टाकला!

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तालुक्यात देवीच्या रोगाची लस टोचणारा माणूस फिरू लागला. लोक त्याला देवीडॉक्टर म्हणत. त्याच आठवड्यात पेपरात चार ओळी आल्या. गोंडपिपरीकडच्या एका खेड्यात देवी टोचल्यावर एकाच घरातली दोन पोरं दगावली. भागीरथानं नेहमीसारखंच खड्या आवाजात वाचलं. खाली बसलेल्या बाया एकदम उठल्या. चार दिवसांत जंगलातली पाच गावं रिकामी झाली. देवीडॉक्टर जाई तिथं चुली थंड आणि दारं उघडी. लेकरं घेऊन माणसं रानात शिरली होती.

देवीडॉक्टर हताश होऊन चिंचेखाली येऊन बसला. "बाई, तुमी वाचलं म्हनून पळाले म्हनते सारे."

"मी नाई, पेपरानं सांगतलं," भागीरथा म्हणाली.  पण रात्रभर एकच विचार तिला छळत राहिला. ती दोन पोरं पाहिली कोणी? मास्तरांनी पाहिली नव्हती, तिनं पाहिली नव्हती, आणि नागपुरात बसून छापणाऱ्यानंही पाहिली नसणार.

दुसऱ्या दिवशी तिनं पदरात मुरमुरे बांधले आणि निघाली. आष्टीजवळ डोंग्यातून वैनगंगा ओलांडली. विचारत विचारत, पायाला फोड आणून, तिसऱ्या दिवशी त्या खेड्यात पोचली. घर सापडलं. दारात एक बाई धान पाखडत होती. चंदा तिचं नाव.

"तुमची पोरं..." भागीरथानं चाचरत विचारलं.

"कोनती? ते पाहा ना, झाडावर!" चंदा म्हणाली.

बोरीच्या फांदीवर दोन मुलगे बसले होते, काट्यांनी ओरबाडलेले, तोंडं बोरांनी माखलेली. पेपरात काय छापलंय ते ऐकल्यावर चंदाच्या हातातलं सूप खाली पडलं. "अवो, दोन दिवस ताप आला होता फक्त! कोनं मारली माही पोरं?"

भागीरथानं पोरांना खाली बोलावलं. दंडावरचे ताजे वण तिनं बोटानं चाचपले. मग एकाएकी ती मातीत बसली आणि हात जोडले. देवाला की त्या पोरांना, ते तिचं तिलाच कळलं नाही. कागदावर मेलेली दोन लेकरं समोर श्वास घेत होती, आणि तिच्याकडचे मुरमुरे मागत होती.

ती परतल्यावरच्या पहिल्या बाजारी रानात लपलेली माणसंही मीठ-मिरचीसाठी आली होती. त्या दिवशी तिनं पेपर उघडलाच नाही.

"त्या दोन पोरांचं मी वाचलं ते खोटं होतं," ती म्हणाली. "पोरं जिती आहेत."

कोणी हसलं. लालसू मात्र हसला नाही. "मंग आता तुह्यावर काऊन विश्वास ठेवाचा?"

"नका ठेवू. पन मी काही वाचलं की विचारत जा मले, कोनं पाह्यलं म्हनून. हे मी पाह्यलं. हात लावून पाह्यलं."

 मग मागून बुधरी नावाची जंगलातली बाई पुढे आली. तिच्या कडेवर दीड वर्षांची मुलगी होती, जिला घेऊन ती दहा दिवस रानात राहिली होती.

"तू तिथवर पायी गेली?" तिनं विचारलं.

भागीरथानं पाय पुढे केले. बुधरीनं त्या फुटलेल्या टाचा पाहिल्या, मग चिंचेखालीच पेटी घेऊन बसलेल्या देवीडॉक्टरकडे वळली आणि मुलीचा दंड उघडा केला. सुई टोचली तेव्हा मुलगी किंचाळली.  भोवती सगळा बाजार माना उंचावून पाहत होता.

मास्तरांकडून तिनं पेपरवाल्यांना पत्र लिहवलं. महिन्याभरानं आतल्या पानावर बारीक अक्षरात दुरुस्ती आली. तिनं ती तीनदा वाचून दाखवली.

त्या वर्षी ग्रामपंचायतीत रेडिओ आला. मास्तर म्हणाले, "पाहा भागीरथाबाई, एक दिवस घरोघरी अशी पेटी बोलेल. दिल्लीत झालेलं त्याच घटकेला इथं कळेल."

ती कितीतरी वेळ त्या पेटीकडे पाहत राहिली. एवढ्या लवकर बातमी येणार, आणि पाहायला जायला तर तीन दिवस लागतात! "मंग मास्तर, प्रत्येक गावात एक तरी मानूस लागन," ती म्हणाली, "जो जाऊन पाहीन आनि वापस येऊन सांगन."

 जंगलातली माणसं आता ऐकायलाच नव्हे, सांगायलाही येऊ लागली. कुठला पूल वाहून गेला, कुठल्या गावात वाघानं गाय नेली. भागीरथा प्रत्येकाला विचारी, "तुमी पाह्यलं का?" आणि मगच मास्तरांकडून पेपरवाल्यांना कार्ड लिहवून घेई. त्यातली काही छापून येत.

एकदा लालसू स्वतःच्या गावची बातमी घेऊन आला, त्रेचाळीस पोरांना देवी टोचल्याची. एकट्याच्या शब्दावर नको म्हणून तो त्रेचाळीस आयांना सोबत घेऊन आला होता. चिंचेखाली जागा पुरेना. एकेक बाई पुढे येई, लेकराचा दंड दाखवी, आणि भागीरथा बोटानं वण चाचपून मोजत जाई.