गच्चीवरची भेदरं

निवृत्त झाले त्या वर्षी मी गच्चीवर रंगाच्या नऊ रिकाम्या बादल्यांत टमाटर लावले. नरखेडकडच्या माझ्या आत्याने दिलेलं गावठी बी होतं, आमच्याकडे भेदरं म्हणतात ते. बादल्यांच्या बुडाला सळई तापवून भोकं पाडली, माती आणि शेणखत कालवून भरलं.

गच्चीच्या खालीच, तिसऱ्या मजल्यावर, माझी मैत्रीण राहायची. आमची अठरा वर्षांची ओळख. मी दुसऱ्या मजल्यावर. रोज सकाळी ती चहाचे दोन कप घेऊन वर यायची. मी पानांच्या बगलेतले फुटवे खुडायचे, ती जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी फांद्या काठीला बांधायची. डिसेंबरात फळं लाल झाली, तेव्हा पहिली ओंजळ मी तिच्याच पदरात टाकली.

जानेवारीत सोसायटीचे सचिव दारात आले. गच्चीवरून पाणी झिरपतं, आठ दिवसांत बादल्या काढा, असं म्हणाले. तक्रारीचा कागद मी मागून घेतला. खाली सही तिची होती. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची.

तीन आठवडे! म्हणजे अर्ज दिल्यावरही ती रोज वर आली होती. काल तर तिनेच मला पट्टी फाडून दिली होती.

मी कागद घेऊन तशीच तिच्याकडे गेले. तिने आत बोलावलं. बेडरूमच्या छतावर खरंच ओलीचा मोठा डाग होता.

"सून रोज कटकट करून राहिली होती," ती म्हणाली.

"मग मले काहून नाही सांगितलं? मीच उचलल्या असत्या ना वं बादल्या."

"रोज सांगाले म्हणूनच वर येत होती. तू हातात टमाटर ठेवत होती. मग तोंडच उघडत नव्हतं."

मला रडू आलं नाही. नुसते कान गरम झाले. डागाचं काही नव्हतं. घर तिचं, छत तिचं. पण माझ्या शेजारी बसून, माझ्याच झाडांना गाठी मारत तिने ते पोटात ठेवलं होतं.

बादल्या मी एकटीने उतरवल्या. जिन्यात दोन झाडं मोडली, हिरवी फळं पायऱ्यांवर घरंगळली. ती दारात उभी राहून "मी धरू का?" म्हणाली. मी मानेनेच नको म्हटलं. घरच्या बाल्कनीत ऊन जेमतेम दोन तास येतं. फुलं आली आणि गळून गेली.

मार्चमध्ये प्लंबरने गच्चीवरच्या टाकीचा फुटका पाइप शोधून काढला. डाग त्याचाच होता. ती खाली येऊन म्हणाली, "आता ने ना वं परत वर."

"नको," म्हटलं. "उन्हाळा लागला."

त्या वर्षी मी पुन्हा बी पेरलं नाही. आम्ही अजून बोलतो. नळ आले का, लाइट कधी येणार. जिन्यात भेटलो की एवढंच.