गुडमारची पावडर आणि आमचे काका

मंडळी, आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

सकाळी माझे काका-काकू कुडपणहून पोलादपूरला आमच्याकडे आले. काकांना मधुमेह आहे, गोळी चालू आहे. मी चहा ठेवतेय तोवर ते घामाने भिजले, हात थरथरायला लागले. साखर उतरली असणार, म्हणून मी चमचाभर साखर त्यांच्या तोंडात घातली. त्यांनी थुंकून टाकली.

"वाळू घालतेस काय गो तोंडात?"

मी चक्रावले. तेव्हा काकू हळूच म्हणाली, "गुडमारची पावडर चघळत व्हते वाटेत. हल्ली रोजच खातात."

गुडमारच्या वेलीचा पाला चावला की जिभेला गोड लागत नाही, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक. साखरेच्या आजारावर जुनी माणसं तो खायची. पण गोळीसोबत तो घेतला तर साखर फार उतरू शकते, हे कोण सांगणार?

काका शुद्धीत होते म्हणून साखरपाणी पाजता आलं. मग दवाखाना गाठला. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही औषध घेता?"

"काय नाय."

मी काकांच्या पिशवीतली पुडी काढून टेबलावर ठेवली. तिच्यावर ना नाव, ना किती घ्यायची ते.

"काका, मग हे काय?"

"औषध कुठलं गो? पाला हाय तो!"

डॉक्टरांनी नीट समजावलं. काका आता बरे आहेत. पण घरी येताना रिक्षात मला म्हणतात कसे, "मग ती गोळीच बंद करतो."

सांगा, या माणसाला कसं समजावू? आणि तुमच्या घरातल्या पुड्या तुमच्या डॉक्टरांना माहीत आहेत का?