मावशीनं मागितलेलं नाव

माझ्या मावशीइतकं डूख धरणारं माणूस मी पाहिलेलं नाही, आणि मला तिचा अभिमान आहे.

माझा मामा शाईनं बांबूची चित्रं काढायचा. छान काढायचा, ते मी नाकारत नाही. पण लोक बांबूसाठी येतच नसत. त्यांना हवं असायचं बांबूशेजारी उभं लिहिलेलं आपलं नाव, जपानी अक्षरांत, बैठकीच्या खोलीत टांगायला. ते नाव मावशी लिहायची. जपानी यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत ती टायपिस्ट होती. तिथे लागलेलं या अक्षरांचं वेड नोकरी सुटली तरी सुटलं नाही. परक्या नावांची ती अक्षरं उच्चारावर चालतात, म्हणून ती गिऱ्हाइकाला फोन करायची. "घरी हाक मारतात तसं म्हणून दाखवा," सांगायची. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कागद उडू नये म्हणून पंखा बंद करून, घामाघूम होत एका दमात लिहायची. ओढलेल्या रेघेवरून पुन्हा ब्रश फिरवायचा नाही, हा तिचा नियम. बिघडलं की कागद केरात, आणि शिव्या खायला आम्ही आहोतच.

खालचा लाल शिक्का मात्र मामाचा. धाकटा भाऊ म्हणून तिनं ते चालवून घेतलं होतं.

मग एका वर्तमानपत्रात मामाची मुलाखत आली. अक्षरं कोण लिहितं, या प्रश्नावर साहेबांचं उत्तर होतं, "मीच. आमची ताई शाई उगाळून देते." मावशीनं ते वाचलं, पेपराची घडी घातली आणि जेवायला बसली. आता मामाचं काही खरं नाही, हे मी तेव्हाच ओळखलं.

लवकरच त्याचं प्रदर्शन भरणार होतं आणि तिथे तो पाहुण्यांची नावं सगळ्यांसमोर लिहून देणार होता. येत तर एक अक्षर नव्हतं. त्यानं तोड काढली. पाहुण्यांची नावं आधीच मागवायची, मावशीनं ती ठळक लिहायची, आणि तो कागद खाली ठेवून वरच्या पातळ कागदावर यानं गिरवायचं. लोकांना टेबलापासून लांब ठेवायला मध्ये दोरी बांधली.

"एवढं कर ताई, घरच्या अब्रूचा प्रश्न आहे," तो म्हणाला. मावशीनं सगळी नावं निमूट लिहून दिली. मला तर तिचाच राग आला.

प्रदर्शनात मी मामामागे उभी राहून त्याला कागद देत होते. नवा कोट घालून तो झोकात ब्रश फिरवत होता. लोक माना डोलवत होते. रांग सरकली आणि दोरीपाशी मावशी आली.

"माझं नाव लिहा," ती म्हणाली. सख्ख्या भावाला अहो-जाहो.

मामा हसला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे तिच्या नावाचा कागद नव्हता. मावशीनं जगाची नावं लिहिली होती, तिचं नाव कधी कोणी मागितलंच नव्हतं. खोटंनाटं खरडावं, तर वाचणारी समोरच उभी.

"ताई, घरी बघू ना," तो पुटपुटला.

"मी रांगेत उभी राहून आले आहे."

"हात भरून आलाय जरा."

"मग बसते. मोकळा होऊ दे."

तिनं खुर्ची ओढली आणि दोरीपाशीच ठाण मांडलं. मागचे लोक चुळबुळायला लागले. ब्रशवरची शाई कोऱ्या कागदावर ठिबकून पसरत गेली. मला त्याची अजिबात कीव आली नाही. शेवटी त्यानं ब्रश तिच्यापुढे धरला.

"तूच लिही."

"का? कोण लिहितं? मोठ्यानं सांग."

"ताई लिहिते," मामा म्हणाला. "सगळी नावं ताईच लिहिते."

मला वाटलं, आता ती ब्रश घेईल. ती उठली आणि पर्स खांद्याला अडकवली. "मला तुझ्या हातचं हवं होतं," म्हणाली आणि जिना उतरून गेली.

मामाचा धंदा बसला, तसं मावशीचं कामही गेलं. सख्ख्या भावाचं असं वाटोळं करतं का कोणी, असं आई अजून म्हणते. मामा अधूनमधून माफी मागायला येतो. मावशी दारातच त्याला विचारते, "माझं नाव लिहायला आलं का?"

तो खाली बघतो. ती दार लावून घेते.