छातीपर्यंतची रेघ

"बसा ना मॅडम," म्हणत त्या साहेबाने खुर्ची पुढे केली होती. मी फॉर्म दिला. त्याने पत्ता वाचला. वस्तीचं नाव वाचलं. मग मान वर करून मला नीट न्याहाळलं आणि विचारलं,

"तिथं भिजण्यासारखं आहे तरी काय?"

शेजारच्या टेबलावरची मुलगी फिसकन हसली. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते. मीही हसले.

कॉलेज रोडवरचं ते विमा कंपनीचं ऑफिस. पुरापासून घराचा विमा काढायला मी गेले होते. मी सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये क्लार्क आहे, आमच्या घरातली पहिली पदवीधर. घर नासर्डी नदीच्या काठाला, दोन खोल्यांचं. आईने वीस वर्षं कारखान्यांत झाडू मारला; त्या कमाईतून मी लहान असतानाच पत्र्याच्या जागी विटा आल्या. मला शिकायला सिन्नरला मामाकडे ठेवलं, कारण इथे वह्या भिजायच्या. तिथल्या शिक्षकांचे माझ्यावर उपकार आहेत. पण मोठ्या माणसासमोर आवाज खाली ठेवायचा, हेही मी तिथेच शिकले.

आमच्या समोरच्या काठावर नवी सोसायटी झाली आहे. त्यांनी नदीच्या कडेने दगडी भिंत बांधली. तेव्हापासून पाणी आमच्याकडे जास्त वळतं.

"त्या सोसायटीचा विमा आम्हीच काढलाय, पार्किंगसकट," तो साहेब सांगत होता. "तुमच्याकडे मात्र आधी पाहणी करावी लागेल."

नदी तीच.

आमच्या वस्तीत एक रीत आहे. पूर ओसरला की चिखल उपसायच्या आधी, पाणी जिथवर चढलं तिथे भिंतीवर खिळ्याने रेघ ओढायची. आमच्या घरात अशा तीन रेघा होत्या. फॉर्ममध्ये प्रश्न होता: यापूर्वी पाणी शिरलं आहे का? किती उंच? मी टेप लावून तिन्ही रेघा मोजल्या आणि लिहिल्या. काही लपवलं नाही.

पाहणीच्या दिवशी अर्धी रजा टाकून घरी आले, तर दारातच ओल्या चुन्याचा वास. आईने भिंत पांढरीशुभ्र केली होती. रेघांत माती भरून, वरून चुना.

"अगं, साहेब येणार घरी," ती म्हणाली. "असली भिंत दाखवायची का त्याला?"

पाहुणा येणार म्हणून तिने घर नीट केलं होतं. एवढंच.

तोच साहेब आला. बूट घालूनच आत आला. बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आईने चहा पुढे केला.

"नको. आम्ही कुठेही घेत नाही."

मग भिंतीवर बोट फिरवलं. बोटाला चुना लागला.

"अच्छा. खुणा पुसल्या! तुम्हा लोकांना सगळंच फुकट पाहिजे. आधी सवलती, आता विमा. ही सरळ फसवणूक आहे."

दारात शेजारणी उभ्या होत्या. आईच्या हातात तो कप तसाच होता.

मी म्हणाले, "सॉरी सर."

तो गेला. आईने कप खाली ठेवला.

"तू सॉरी का म्हणालीस?"

मी कप उचलायला वाकले.

"कारखान्यात मी लय वेळा म्हणले. चूक नसताना म्हणले. तुझ्यावर ती पाळी येऊ नाय म्हणून तुला शिकवलं ना?"

मला कानफटात बसली असती तरी एवढं लागलं नसतं. माझ्याच अक्षरात खरं लिहिलेला कागद त्याच्या बॅगेत होता आणि मी माफी मागितली होती.

आईने खिळा घेतला. भिंतीला टेकून उभी राहिली. गुडघ्याशी एक रेघ ओढली. कमरेशी दुसरी. तिसरी छातीशी.

"ह्या टायमाला तू माझ्या खांद्यावर होतीस."

मी टेप लावला. फॉर्ममधल्या आकड्यांपेक्षा बोटभर इकडेतिकडे.

दुसऱ्या दिवशी फॉर्मची झेरॉक्स घेऊन ऑफिसात गेले. खुर्ची कोणी पुढे केली नाही. मीच ओढली आणि बसले.

"सर, हा फॉर्म तुम्ही वाचलात का?"

त्याने पानं उलटली. वाचला नव्हता, ते दिसलंच.

"तिन्ही उंच्या इथे लिहिल्यात. फसवणूक कुठे आहे ते दाखवा."

"हे बघ, कंपनी त्या एरियात रिस्क घेत नाही."

"समोरच्या काठावर घेते."

त्याने फॉर्म माझ्याकडे सरकवला.

"नाही म्हणताय, तर लेखी द्या. कारण लिहून द्या."

"असं लेखी देत नसतो आम्ही. आणि आवाज खाली."

माझा आवाज चढला नव्हता. पण मी तो खालीही आणला नाही. शेजारची मुलगी या वेळी हसली नाही. मी तिथेच कागद मागून अर्ज लिहिला. शिक्का मारलेली पोच हातात पडेपर्यंत खुर्ची सोडली नाही. वर्कशॉपची दांडी झाली.

विमा अजून मिळालेला नाही. नकारही मिळालेला नाही. पावसाळा तोंडावर आहे आणि आईने कागदपत्रांची पेटी माळ्यावर चढवली आहे.

पण रोज संध्याकाळी मी टेप घेऊन वस्तीत फिरते. अकरा घरांचे फॉर्म भरून झाले. प्रत्येक घरातल्या रेघा मोजल्या, लिहिल्या, खाली घरमालकाची सही किंवा अंगठा घेतला. सोमवारी अकरा जणींना घेऊन मी त्या ऑफिसात जाणार आहे. प्रत्येकीला खुर्ची लागेल. प्रत्येकीला पोच लागेल.

नाही म्हणायचं असेल, तर त्याला अकरा वेळा, सहीनिशी म्हणावं लागेल.

मी एकदाही सॉरी म्हणणार नाही.