काकांनी तपासलेली लेन्स

कुठलीही नवी वस्तू हातात आली की काका आधी डोळे मिटायचे. मग अंगठा तिच्या कडेवरून सावकाश फिरवायचे. "बघायच्या आधी हाताला इचारावं," असं म्हणायचे. हाताने काय सांगितलं ते मात्र लगेच सांगत नसत. आपण चहा संपेपर्यंत थांबायचं.

असा एखादा माणूस तुमच्याही कंपनीत असेल. महाळुंग्याच्या आमच्या कारखान्यात ते, सगळ्यांचेच काका, शेवटच्या तपासणीला होते आणि मी चार वर्षं त्यांच्या हाताखाली. गाडीचे सुटे भाग ट्रेमधून पुढे यायचे आणि काकांचा शिक्का बसला की बाहेर पडायचे. शिफ्ट संपत आली म्हणून त्यांचा हात कधी भरभर चालला नाही. सुपरवायझर वैतागायचे, पण त्यांच्या टेबलावरून गेलेला माल परत आल्याचं मला आठवत नाही.

ते निवृत्त झाले त्याच सुमारास मी लेन्स बदलता येणारा जुना मिररलेस कॅमेरा घेतला. कॅमेऱ्याच्या कंपनीची लेन्स परवडणारी नव्हती, म्हणून दुसऱ्या कंपन्यांच्या स्वस्त लेन्स शोधू लागलो. त्यांच्याविषयी मराठीत नीट सांगणारं कुणी सापडेना. तेव्हा मीच सुट्टीच्या दिवशी व्हिडिओ करायला लागलो आणि तपासणीसाठी काकांकडे गेलो. त्यांनी आयुष्यात कॅमेरा धरला नव्हता. मी तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, "फोटो तू काढ. माल मी बघतो."

घरामागच्या भिंतीवर त्यांनी वर्तमानपत्राची पानं ओळंब्यात चिकटवली. कॅमेरा समोर अगदी सरळ लावायला सांगितला. मग काढलेल्या फोटोचे चारही कोपरे मोठे करून अक्षरं वाचत बसले. एका लेन्सच्या डाव्या कोपऱ्यातली अक्षरं पुसट आली, तेव्हा म्हणाले, "आतली काच तिरकी बसलीय." मी मधला भागच बघून ती लेन्स चांगली ठरवून बसलो होतो.

एका नगावरून माल पास करायचा नाही, हा त्यांचा दुसरा नियम. दुसरा नग आणायचा कुठून? काका काळेवाडीतल्या दोन फोटो स्टुडिओंत स्वतः गेले, त्यांच्याशी ओळख काढली आणि तासाभरासाठी लेन्स मागून आणू लागले. लेन्स जोडायची रिंग ते कारखान्यातल्यासारखी व्हर्नियर कॅलिपरने मोजत. स्वस्तातला ट्रायपॉड तर त्यांनी पाण्याची कळशी अडकवून दोन दिवस अंगणात उभा ठेवला. तिसऱ्या दिवशी काकींनी त्याच्यावर ओलं लुगडं वाळत घातलं आणि वाऱ्याने तो आडवा झाला. "नापास," काका म्हणाले. "लुगडं पेलंना, कॅमेरा काय पेलणार." काकी लुगडं पुन्हा धुवायला घेऊन गेल्या आणि दिवसभर आमच्याशी बोलल्या नाहीत.

व्हिडिओ लोकांना आवडायला लागले. दिवाळीच्या तोंडावर एका विक्रेत्याने मला नवी लेन्स पाठवली. ती माझ्याकडेच राहणार होती, फक्त व्हिडिओ तीन दिवसांत हवा होता. काका म्हणाले, आठ दिवस दे, सलग वापरून तापल्यावर कशी चालते ते बघू. मी थांबलो नाही. पाच-पंचवीस फोटो काढले, तेही छान आले, आणि डोळे झाकून घ्या असं सांगून टाकलं. काका एवढंच बोलले, "शिक्का तुझा हाय."

महिन्याभराने त्या व्हिडिओखाली एका बाईने लिहिलं. ती चऱ्होलीची. कंत्राट संपल्यावर कंपनीतलं काम सुटलं, म्हणून लहान मुलांचे फोटो काढायला लागली होती. पहिलंच मोठं काम एका बारशाचं. अर्ध्या तासाने लेन्सचा फोकस अडकायला लागला. नव्वदीची पणजी पाळण्यात वाकून पणतीच्या कानात कुर्र करत होती, नेमका तो फोटो धुरकट आला. तिने शिवी दिली नव्हती. शेवटी लिहिलं होतं, "दादा, तुमचं ऐकून घेतली होती."

मी ती ओळ दोनदा वाचली आणि काढून टाकली.

पण काका माझ्या व्हिडिओंखालची प्रत्येक ओळ वाचत असत, हे माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. रविवारी गेलो तर त्यांनी विचारलं, "त्या बाईची ओळ कुठं गेली?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, चप्पल घातली आणि माझ्या गाडीवर मागे बसले. विक्रेत्याने पाठवलेली लेन्स आणि माझा कॅमेरा सोबत घ्यायला सांगितलं.

चऱ्होलीत बारशाचे फोटो काढणारी बाई कुठे राहते, असं विचारत गेलो; नव्या इमारतींच्या मधल्या एका जुन्या चाळीत ती राहत होती. आम्ही कोण ते कळल्यावर तिने दार पूर्ण उघडलं नाही. काकांनी ओटीवरच बसून तिची लेन्स मागितली. आधी तिची, मग माझी, दोन्ही लेन्स अर्धा-अर्धा तास सलग चालवून बघितल्या. दोन्ही तशाच अडकल्या. मग ते तिला म्हणाले, "पोरी, तुझा हात चुकला न्हाई. अर्धी चूक मालाची. अर्धी आमची."

आमची, म्हणाले. ते तर त्या व्हिडिओत नव्हतेच, उलट त्यांनी मला अडवलं होतं. त्या एका शब्दाने मला जेवढी लाज वाटली, तेवढाच धीरही आला. मग माफी मागायला जीभ वळली. त्या बाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला वाटत होतं, मलाच जमत नाही. कॅमेरा विकायला काढला होता."

माझी रोजच्या वापरातली लेन्स, काकांनी भिंतीवर महिनाभर तपासलेली, मी तिच्या कॅमेऱ्याला लावून दिली. विक्रेत्याची परत पाठवली. दुसऱ्या दिवशी, मी न तपासता सांगितलं, असा व्हिडिओ केला. तिची काढून टाकलेली ओळ त्यात मोठ्याने म्हणून दाखवली. काही लोक सोडून गेले, बरेच राहिले.

काकांचं समाधान तेवढ्यावर झालं नाही. ते तिला घेऊन बारशाच्या घरी गेले. मीही होतो. त्यांनी सगळं सांगितल्यावर पणजींना हसू आलं. "आता पुन्यांदा नाव ठिवायचं व्हय?" म्हणाल्या आणि नवं लुगडं नेसायला आत गेल्या. पाळणा परत बांधला. काका थर्माकोलची पांढरी शीट धरून पणजींच्या चेहऱ्यावर उजेड पाडत उभे राहिले. हात भरून आला तरी हलले नाहीत. फोटोत त्या म्हातारीच्या पापण्यांचे केससुद्धा मोजता येतात. तो पाहून शेजारच्यांनी त्या बाईला पुढचं काम दिलं, आणि आता चऱ्होलीत तिचा स्वतःचा स्टुडिओचा गाळा आहे.

मीही आता कारखाना सोडून कॅमेऱ्यावर पोट भरतो. लोक माझ्यावर विश्वास ठेवतात. तो विश्वास कुणी मिळवून दिला, हे मी काकांना कधी तोंडावर सांगितलं नाही. ते राहूनच गेलं.

गेल्या हिवाळ्यात चार दिवसांच्या आजारात काका गेले. दहाव्याचं आटोपून आम्ही घरी परतलो, तर अंगणात काळेवाडीचे दोघे स्टुडिओवाले उभे होते. त्यांच्या मागे चऱ्होलीची ती बाई होती. काकी यांच्यातल्या कुणालाच ओळखत नव्हत्या. काकांनी घरी या लोकांविषयी काही सांगितलंच नव्हतं.

"तू कोणत्या कंपनीतली गं?" काकींनी तिला विचारलं.

"कंपनीतली नाही, काकी. काकांनी माझी लेन्स तपासली होती."

काकींना ते किती समजलं, कोण जाणे. त्या जरा बाजूला सरकल्या आणि चटईवर आपल्या शेजारी तिला जागा करून दिली.