थोरलीची तपासणी

सफाईची कंत्राटं घेणाऱ्या कंपनीत थोरली विभागीय व्यवस्थापक होती. बँका, कॉलेजं, एक मॉल आणि एक मोठं रुग्णालय, एवढा पसारा तिच्या हाताखाली. कोण कामावर आलं नाही, कुठले मॉप झिजले, कुठल्या मजल्यावरचा साहेब नाक मुरडतोय, हे तिला सकाळी अंघोळीच्या आधी कळलेलं असे. बायका तिला वचकून असत आणि तो वचक तिने हौसेने जपला होता.

वचकाचं मूळ होतं पेन्सिल. कुठेही गेली की ती बोलता बोलता आडजागी बारीक ठिपका काढून ठेवी. दाराच्या चौकटीवर, बेसिनच्या खालच्या कडेला, खुर्चीच्या हाताच्या आतल्या बाजूला. दोन दिवसांनी परत येई. ठिपका दिसला की तिथे फडकं फिरलं नाही, विषय संपला. मोठे साहेब नव्या माणसांना सांगत, "मॅडमच्या पेन्सिलीला फसवता येत नाही." थोरली तेव्हा मान खाली घाली, पण कान टवकारलेले असत.

धाकट्या जावेला कंपनीत चिकटवलं ते तिनेच. दिराची नोकरी गेली, घरात कुरबुर सुरू झाली, तेव्हा थोरली म्हणाली होती, "मॉप धरायची लाज नसेल तर ये माझ्याकडे." धाकटीला लाज नव्हती. पुढे सगळा त्रास त्याचाच झाला. ती बघता बघता रुग्णालयाची सुपरवायझर झाली. मेट्रन तिच्यापाशी स्वतःच्या सुनेची गाऱ्हाणी सांगत बसे. बायका तिच्या डब्यात हात घालून खात. थोरलीच्या बढतीला सासूबाई नुसतं "बरं" म्हणाल्या होत्या. आता त्याच सासूबाई शेजारणीला धरून धरून धाकटीचं कौतुक ऐकवत. थोरली आत भांडी जरा जोरातच ठेवी.

अशात साहेबांनी तिला बोलावलं. "विभाग फार वाढलाय, दोन करू. मॉल आणि रुग्णालय धाकट्या बाईंना द्यावं म्हणतोय. तुम्हीच घडवलेलं माणूस आहे. एकदा तपासून तुमचं मत सांगा. तुम्ही नको म्हणालात तर नको."

म्हणजे तिच्या विभागातला चांगला लचकाच धाकटीला जाणार होता. थोरली "बघते" म्हणाली आणि गाडीत बसल्या बसल्या तिने पेन्सिलीला टोक काढलं.

रुग्णालयात तिने एवढे ठिपके कधीच काढले नव्हते. धाकटीचं लक्ष नाही असं बघून तिने बाकांच्या पाठीमागे, नळाच्या बुडाशीसुद्धा हात घातला. दोन दिवसांनी ती परत आली, तर एकही ठिपका शिल्लक नव्हता. ती चौकटीवर बोट फिरवत राहिली.

"सापडला का एखादा, मॅडम?" धाकटी मागे उभी होती.

"काय?"

धाकटीने तिला सामानाच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि घरच्या सुरात म्हणाली, "ताई, रागावू नका. तुमच्या जागा सगळ्यांना पाठ आहेत. तुम्ही येऊन गेलात की बायका म्हणतात, चला, मॅडमचे तीळ पुसून घेऊ."

"इथल्या बायका?"

"सगळीकडच्या. मी यायच्या आधीपासून. मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं."

"आणि मला आज सांगतेस?"

"साहेब मला विभाग द्यायचं म्हणताहेत. मग मी तपासायचं कसं, ते तुम्हालाच विचारावं म्हटलं. ठिपक्यांवर तर भागायचं नाही."

थोरली तडक वॉर्डात गेली. आज पहिल्यांदाच ती पेन्सिलीशिवाय बघत होती. खाटांच्या चाकांत केसांचे गुंते होते. पडद्यांच्या दांड्यांवर धुळीचा थर होता. धाकटीला आडवं करायला एवढं पुरेसं होतं, आणि क्षणभर थोरलीला फार बरं वाटलं.

पण साहेब विचारणारच, मग पेन्सिलीला हे कसं दिसलं नाही? आणि इथे दिसलं नाही तर बँकांत, कॉलेजांत इतकी वर्षं काय दिसत होतं? धाकटीला खाली ओढायचं तर तिला स्वतःलाही उतरावं लागणार होतं.

"काय म्हणते पेन्सिल?" साहेबांनी विचारलं.

"स्वच्छ आहे म्हणते," थोरली म्हणाली.

धाकटीला विभाग मिळाला. जेवताना सासूबाई म्हणाल्या, "आता दोघी जावा सारख्या झाल्या."

"सारख्या कशा?" थोरली म्हणाली. "गाडी मला आधी मिळालीय." धाकटी मोकळेपणाने हसली. त्या हसण्यात कुसकटपणा नव्हता, आणि थोरलीला तेच सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने फोन लावला. "खाटांची चाकं काढून धुवून घे. मी परवा बघायला येतेय."

धाकटी हळूच म्हणाली, "ताई, रुग्णालय आता माझ्याकडे आहे ना. तपासायला नको, पण चहाला या."

चहाला थोरली अजून गेलेली नाही.